पंगतीतून उठता येईना

गेल्या डिसेंबरात बामणोदकडच्या एका शेतात भरीत पार्टी होती. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, वर पातीचा कांदा. मी मांडी घालून बसलो. जेवलो. आणि उठताच येईना. उजवा गुडघा म्हणाला, तू जा, मी इथेच थांबतो. शेवटी दोन भाच्यांनी बगलेत हात घालून मला विहिरीतल्या मोटरसारखं वर ओढलं.

आमची माय अमळनेरकडची, अहिराणीतच टोला हाणते. "आते पंगतमा बी खुर्ची लागी का तुले?"

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात भाच्यांशिवाय उठायचं. बस, एवढंच. वजन नाही, तेज नाही, दीर्घायुष्य तर मुळीच नाही.

पण हे एवढंसं मागणं कोणाच्या पचनी पडेना. जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी एक 'वेलनेस कोच' भेटतो. मागच्या दिवाळीपर्यंत तो माझा विमा काढायला मागे लागला होता, आता तब्येत काढायला लागलाय. त्यानं मला एका काट्यावर उभं केलं. काट्यानं सांगितलं, शरीराचं वय ६३. मी ४८ चा. "साहेब, तीन डबे पावडर, पंधरा वर्षं मागे!" मी म्हटलं, मला मागे नाही, वर यायचंय. डिग्री विचारली तर छातीवरचा बिल्ला दाखवत म्हणाला, "रिझल्ट हीच डिग्री." महिनाअखेर जवळ आली तसे त्याचे फोन वाढले, तेव्हा कळलं की ध्येय त्याचंही होतं, आणि ते माझ्यापेक्षा पक्कं होतं.

बायकोनं एका डिटॉक्सवाल्या ताईंकडे नेलं. एकवीस दिवस केळी बंद, वांगं बंद. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या बाईंनी दोन्ही एका ओळीत खोडली! ज्या भरितासाठी हा खटाटोप, तेच बंद म्हणजे लग्नासाठी कर्ज काढायचं आणि नवरीच नाकारायची.

चक्रवाल्या गुरुजींबद्दल फार लिहीत नाही. त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझं मूलाधार अडकल्याचं सांगितलं. बसल्यावर अडकतो हे मीच त्यांना आधी सांगितलं होतं.

एक बीएएमएस वैद्य मात्र सरळ निघाले. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक भिंतीवरच लावलेला. गुडघा चाचपून, मांडी दाबून म्हणाले, "तेल देतो, बरं वाटेल. पण मांडीत ताकदच नाही, ती बाटलीतून येत नाही. फिजिओथेरपिस्टकडे जा." गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा माणूस पाहून मी बाहेर येऊन दोन मिनिटं पायरीवर बसलो. (उठताना रेलिंग धरलं.)

फिजिओथेरपिस्ट म्हणजे स्कूटरवर येणारी पोरसवदा मुलगी. तिनं वजन विचारलं नाही. विचारलं, "काका, नेमकं काय करता यायला हवंय?" पाच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच. मी भरितापासून भाच्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती हसली नाही, वहीत लिहिलं: 'जमिनीवरून आधाराशिवाय उठणे, डिसेंबर.'

मग सुरू झालं. हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा, थांबून परत दहा. ते जमलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग पाट, मग जमीन. बाहेर मे महिन्याचं पंचेचाळीस अंश ऊन, आत मी कूलरसमोर वर-खाली. सध्या स्टुलापर्यंत उतरलोय.

काल माय दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग फी विचारली. मी म्हटलं, एका वेळचे चारशे.

"उठबशा काढाना चारशे देस? शायमा त मास्तर फुकट काढाले लावे!"