‘मॅच बॅरल लावा, ग्रुप अर्ध्यावर येतील’: रुगर १०/२२ बद्दलच्या फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

रुगर १०/२२ ही .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो आणि अमेरिकेतले मराठी नेमबाजही तो एकमेकांना पाठवतात. त्याचा सारांश असा: कारखान्याची बॅरल (नळी) काढून जाड मॅच बॅरल (स्पर्धेच्या अचूकतेची नळी) लावा, व्ही-ब्लॉकचे (बॅरल धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याचे) स्क्रू कचकचून आवळा, बॅरल स्टॉकला (रायफलीच्या दस्त्याला) कुठेच टेकू देऊ नका, पहिल्या पन्नास गोळ्यांत प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करून ती ‘मुरवा’, मग तीन गोळ्या मारून ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा) मोजा. ग्रुप अर्ध्यावर आला नाही तर बॅरल सदोष समजून परत पाठवा.

या सल्ल्यामुळे चांगल्या बॅरल्स परत जातात आणि खरा दोष रायफलीतच राहून जातो. म्हणून त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणं भाग आहे. आधी एक गोष्ट: खालचं कोणतंही काम करण्यापूर्वी मॅगझीन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे अडकवा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘बॅरल बदलली की अचूकता आपोआप बदलते’

बॅरल कितीही चांगली असली तरी ती रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्यात) कशी बसली आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि १०/२२ मध्ये नेमका हाच सांधा नाजूक आहे. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या) रायफलींच्या बॅरल्स सहसा आट्यांनी रिसीव्हरमध्ये घट्ट फिरवून बसवलेल्या असतात. १९६४ साली आलेल्या १०/२२ ची बॅरल मात्र ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या रिसीव्हरमध्ये नुसती सरकवायची असते. तिच्या मागच्या टोकाला खालून एक तिरपी खाच असते. त्या खाचेत व्ही-ब्लॉक बसतो आणि दोन स्क्रू त्याला रिसीव्हरकडे ओढतात. बॅरल मागे खेचली जाते ती एवढ्यावरच.

यातून दोन दोष उद्भवतात. पहिला, बॅरलचं मागचं टोक रिसीव्हरच्या भोकात सैल असणं. व्ही-ब्लॉक काढून बॅरल पूर्ण आत ढकला आणि तोंडाकडचं टोक हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित सरकणं चालेल, पण खटखट जाणवली तर तो सांधा प्रत्येक गोळीला नवी जागा घेऊ शकतो. विकणाऱ्याकडून नेमक्या मापाची बॅरल बदलून घेणं हाच त्यावर सरळ उपाय. पत्र्याचे तुकडे घालून काम भागवणारे आहेत, पण पत्रा एका बाजूला जाड बसला की बॅरल तिरकी होते, म्हणून आम्ही तो मार्ग सुचवणार नाही.

दुसरा दोष म्हणजे बॅरलचं तोंड खाली झुकणं. व्ही-ब्लॉक फक्त खालून ओढतो, त्यामुळे भोकात थोडी जरी जागा असली तरी पुढचं टोक खाली जातं. ०.९२० इंच व्यासाच्या जाड बॅरलचं वजन त्यात भर घालतं. स्कोप झीरो करताना (नेम आणि गोळी एका जागी आणताना) उंचीचे जवळजवळ सगळे क्लिक संपत असतील तर संशय आधी इथे घ्या, स्कोपवर नंतर.

‘स्क्रू जितके घट्ट तितकं चांगलं’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. व्ही-ब्लॉकच्या स्क्रूंचे आटे ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरमध्ये आहेत. लांब ऍलन कीने जोर लावला की ते आटे निघतात, आणि मग बॅरल नव्हे, रिसीव्हर दुरुस्तीला न्यावा लागतो. शिवाय एक स्क्रू आधी पूर्ण आवळला की व्ही-ब्लॉक तिरका बसतो आणि बॅरलही त्या बाजूला ओढली जाते.

योग्य पद्धत अशी. रिसीव्हरचं भोक आणि बॅरलचं टोक तेल पुसून कोरडं करा. बॅरल शेवटपर्यंत आत ढकला. तिच्यावरची एक्स्ट्रॅक्टरची (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच बोल्टमधल्या एक्स्ट्रॅक्टरसमोर येते का ते बघा. व्ही-ब्लॉक खाचेत ठेवून दोन्ही स्क्रू बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि मग आळीपाळीने पाव-पाव फेरा देत जा. आवळण्याचा शेवटचा आकडा बॅरल बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्या आणि टॉर्क ड्रायव्हर (आवळण्याचा जोर मोजणारा स्क्रूड्रायव्हर) वापरा. इंच-पौंडांत मोजणाराच घ्या, गाडीच्या चाकांचा पाना इथे चालत नाही. आवळून झाल्यावर व्ही-ब्लॉक आणि रिसीव्हर यांच्यात बारीक फट दिसायला हवी. ब्लॉक रिसीव्हरला टेकला असेल तर तुम्ही ब्लॉक आवळलात, बॅरल नाही. आकडा बरोबर येतो आणि बॅरल मात्र सैलच राहते. पहिल्या ५० गोळ्यांनंतर तोच आकडा पुन्हा तपासा.

स्टॉकच्या स्क्रूलाही हेच लागू. १०/२२ चा रिसीव्हर स्टॉकला पुढच्या बाजूच्या एकाच स्क्रूने धरलेला असतो, मागे स्क्रू नाही. तो १२ इंच-पौंडांपासून सुरू करून दोन-दोनने २० पर्यंत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्यांचे ग्रुप मारा. एखाद्या टप्प्यावर ग्रुप आवळून येतात आणि पुढे पुन्हा पसरतात. तिथेच थांबा.

‘बॅरल स्टॉकला कुठेच टेकता कामा नये’

बोल्ट ॲक्शनसाठी हा नियम बहुधा चांगला आहे. १०/२२ वर तो डोळे झाकून लावू नये. एक स्क्रू, मऊ धातूचा रिसीव्हर, सरकवून बसवलेला सांधा आणि त्यापुढे लोंबणारी जाड बॅरल, हा सगळा भार सांध्यावरच येतो. अशा वेळी स्टॉकच्या पुढच्या टोकाजवळ बॅरलखाली एक पातळ, घट्ट पॅड ठेवल्याने ग्रुप सुधारलेले अनेकदा दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे रिसीव्हरच्या लगेच पुढे बॅरलच्या पहिल्या इंचभर भागाखाली बेडिंग (स्टॉकमध्ये घट्ट बसेल असा साचा भरणं) करून तिला आधार देणं आणि पुढचा भाग मोकळा ठेवणं. दोन्ही करून बघा, पण एकदम नको.

चुकीचा स्पर्श मात्र शोधलाच पाहिजे. कार्बाइनच्या (कारखान्याच्या पातळ बॅरलसाठी असलेल्या) स्टॉकमध्ये ०.९२० इंची बॅरल बसत नाही, म्हणून लोक खाच घासून रुंद करतात आणि ती एका बाजूला कमी घासली जाते. साध्या कागदाची पट्टी दुहेरी करून बॅरलखालून ओढा. जिथे अडते तिथे खूण करा. एका बाजूला अडणारी बॅरल तापत गेली की गोळ्या हळूहळू उलट्या बाजूला सरकतात.

‘प्रत्येक गोळीनंतर साफ करून बॅरल मुरवा’

ही पद्धत तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या मारणाऱ्या सेंटरफायर रायफलींकडून आली आहे. तिथे नव्या नळीच्या घशात तांबं साचतं, त्यासाठी ती करतात. .२२ एलआरची (लाँग रायफल, १०/२२ मध्ये वापरायचं काडतूस) साधी गोळी मेणाचा किंवा तेलाचा लेप असलेल्या शिशाची असते. तिला नळीत त्याच लेपाचा एकसारखा थर हवा असतो. तुम्ही दर गोळीनंतर तो थर पुसता आणि मग ग्रुप पसरला म्हणून बॅरलला दोष देता. साफ केल्यावर नळी पूर्ववत होण्याआधी काही गोळ्या इकडे-तिकडे जाणारच. गोळ्यांचा ब्रँड बदलला की लेपही बदलतो, म्हणून नव्या गोळ्यांच्या पहिल्या दहा-पंधरा मोजणीतून वगळा.

नियमित साफ करायची जागा वेगळी आहे. चेंबर संपून नळीतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) सुरू होतात तिथे कार्बन आणि शिशाचं कडं जमतं. ग्रुप आधी चांगले होते आणि काही शे गोळ्यांनंतर पसरू लागले तर प्रथम तिथे ब्राँझचा ब्रश फिरवा. १०/२२ चा रिसीव्हर मागून बंद असल्याने रॉड तोंडाकडून घातला जातो आणि गाइड नसेल तर तो क्राउनची (नळीच्या तोंडाची) कड झिजवतो. मागून ओढायची दोरी वापरा, किंवा तोंडावर बसणाऱ्या गाइडमधूनच रॉड घाला.

‘वेगवान गोळी सरळ जाते’

सल्ल्याच्या काही आवृत्त्यांत हेही असतं. हाय व्हेलॉसिटी ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे १,२३५ फुटांनी निघते. ध्वनीचा वेग साधारण १,१२५ फूट आहे, म्हणजे ५० यार्डांच्या आसपास जाईपर्यंत गोळी ध्वनीच्या वेगाखाली येते आणि त्या टप्प्यात तिला डळमळीतपणा येऊ शकतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी, उदाहरणार्थ १,०७० फुटांची, सुरुवातीपासूनच खाली असते.

पण वेगापेक्षा लॉट महत्त्वाचा. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात ५० फुटांचा फरक असेल तर ५० यार्डांवर उंचीत सुमारे एक तृतीयांश इंच फरक पडतो, आणि त्यात बॅरलचा काहीच दोष नसतो. ग्रुप उभा ताणलेला दिसला तर आधी लॉट बदला. इंग्लंडमधली इली आणि जर्मनीतल्या श्योनेबेकची लापुआ यांच्याकडे याचसाठी चाचणी रेंज आहेत. ५० मीटरचे नेमबाज तिथे आपल्या बॅरलला जुळणारा लॉट शोधून त्याच क्रमांकाचे डबे घेतात. तेजस्विनी सावंत किंवा स्वप्निल कुसाळे ज्या लक्ष्यावर खेळतात, त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. एवढ्याशा जागेत बॅरल आणि लॉट ही जोडीच खेळते.

चेंबरही इथेच तपासा. मॅच आणि बेंट्झ (नेमक्या, घट्ट मापाचे) चेंबर आखूड असतात, तर सीसीआय स्टिंगरची केस नेहमीपेक्षा लांब असते, म्हणून ती अशा चेंबरमध्ये घालू नका. घट्ट चेंबरमध्ये गोळी आट्यांत रुतते. न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना केस हातात येते आणि गोळी नळीतच राहते, असंही होऊ शकतं. रेंजवर, बॅरलचं तोंड लक्ष्याकडे ठेवून, मॅगझीनमधून एक काडतूस चेंबरमध्ये भरा, बाहेर काढा आणि शिशाचं टोक भिंगातून बघा. चारही बाजूंनी आट्यांच्या समान रेघा दिसल्या तर हरकत नाही. एकाच बाजूला शिसं सोललं गेलं असेल तर चेंबरची कड नीट गोल केलेली नाही आणि प्रत्येक गोळी वाकड्या टोकाने निघते आहे. असा दोष दिसला तर बॅरल परत करणं योग्यच.

‘तीन गोळ्यांचा ग्रुप पुरेसा आहे’

नाही. गोळ्यांचं विखुरणं तेच राहिलं तरी ग्रुपचा आकार गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप एक इंच देणारी रायफल तीन गोळ्यांत सरासरी ०.७९ इंच दाखवेल आणि दहांत सव्वा इंच. शिवाय पाच-पाचचे दोन लागोपाठचे ग्रुप एकमेकांच्या दुप्पट येणंही अधूनमधून घडतं. जुन्या बॅरलचा पाचांचा ग्रुप नव्या बॅरलच्या तिनांशी ताडून कोणी ‘अर्ध्यावर आला’ म्हणत असेल तर ती तुलनाच नाही. प्रत्येक लॉटचे दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप मारा आणि सरासरी घ्या.

स्कोपही याच हिशेबात येतो. १०० यार्डांवर पॅरलॅक्स (डोळा सरकला की क्रॉसहेअरही लक्ष्यावर सरकलेलं दिसणं) शून्य ठरवलेला, ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप ५० यार्डांवर वापरला तर डोळा भिंगाच्या कडेला गेल्यावर नेम १० मिलिमीटरपर्यंत चुकतो. रायफल बॅगवर स्थिर ठेवा, हात न लावता डोकं वर-खाली हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकताना दिसलं तर दोष तिथे आहे. गोळ्यांचे दोन वेगळे पुंजके पडत असतील तर काहीतरी सैल आहे: बेसचे चार स्क्रू, रिंगा, नाहीतर व्ही-ब्लॉक.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. बॅरल घेणं आणि बसवणं परवान्याच्या चौकटीत, परवानाधारक गनस्मिथकडूनच होऊ शकतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात या रायफलीचा रिसीव्हर म्हणजे शस्त्र, म्हणून तिथे बॅरल दुकानातून थेट मिळते.

‘ग्रुप आला नाही, म्हणजे बॅरल सदोष’

कधीकधी ती खरंच सदोष असते, आणि ते ठरवता येतं. कानात घालायची कापसाची काडी तोंडातून आत घालून बाहेर ओढा. क्राउनच्या कडेवर एकाच जागी तंतू अडकले तर तिथे धातूचं बारीक कुसळ राहिलं आहे. घट्ट पॅच एकसारखा ढकलत न्या: वाटेत अचानक सैल लागणारी जागा, विशेषतः तोंडापाशी, वाईट. बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत बघायच्या उपकरणात) दिसणाऱ्या यंत्राच्या बारीक रेघांवरून मात्र निकाल देऊ नका. तशा रेघा असलेल्या बॅरल्सही उत्तम मारतात.

शेवटची तपासणी उलटी अदलाबदल. नवी बॅरल, मग कारखान्याची, मग पुन्हा नवी. लॉट, स्कोप, अंतर आणि बॅग तेच. दर वेळी दहाचे तीन ग्रुप. दोन्ही फेऱ्यांत नवी बॅरल मागे पडली तरच ती परत पाठवा, आणि सोबत लक्ष्याचे कागद, गोळ्यांचा लॉट क्रमांक, दोन्ही स्क्रूंचे टॉर्क आणि क्राउनचा जवळून काढलेला फोटो पाठवा. एवढं हातात असलं की बनवणाऱ्याला नेमकं काय तपासायचं ते कळतं, आणि बदली बॅरल आल्यावर तुलनेसाठी तुमच्याकडे आकडे तयार असतात.