'असूनही' या एका शब्दाबद्दल

बाबांना जाऊन येत्या भाद्रपदात वर्ष होईल. त्यांचा दहावा-तेरावा आम्ही केला नाही. त्यांनी देहदानाचा फॉर्म कधीच भरून ठेवला होता आणि काय काय करायचं ते मला दहा वेळा सांगून ठेवलं होतं. रात्री अडीचला प्राण गेला. मी पंखा बंद केला, पापण्या मिटल्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. नेत्रपेढीची माणसं पहाटेच आली. सकाळी गाडी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे निघाली आणि घर एकदम रिकामं झालं.

चौथ्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ भेटायला आले. मायेचे माणूस. आईजवळ बसून डोळे पुसत म्हणाले, "नास्तिक असूनही देवमाणूस होता हो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण ते 'असूनही' तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. एखाद्याला 'आंधळा असूनही चांगला गातो' म्हणावं, तसं ते होतं. म्हणजे देव न मानणं ही एक उणीव, आणि तरीही माणूस चांगला निघाला याचं नवल.

बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. मशीन येण्याच्या आधीचा तो काळ: काखेत चामडी बॅग, हातात तिकिटांचा ट्रे, आणि पंचची टकटक. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची पद्धत होती. बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरलेली असायची, माणूस घाईत उतरायचा आणि बाकी राहून जायची. रात्री जेवण झाल्यावर बाबा एक छोटी डायरी काढायचे. तिच्यात नावं नसायची, कारण नावं माहीतच नसायची. "निळं लुगडं, कोंबड्यांची पाटी, फाट्यावर उतरली, १२ रु." "शाळेचा पोरगा, तुटकी चप्पल, ३ रु." जास्तीची रक्कम ते आगारात भरून टाकायचे आणि पुढच्या बाजाराला ती बाई दिसली की स्वतःच्या खिशातून बारा रुपये तिच्या हातावर ठेवायचे. बाई विसरलेली असायची. कधीकधी घ्यायलाच तयार नसायची. सुट्टीत त्यांच्याबरोबर फेरीला गेलो असताना हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मला सांगा, त्या बारा रुपयांवर कोणाची नजर होती?

त्या धंद्यात तेव्हा एक सर्रास चालणारी गोष्ट होती. अर्धे पैसे घ्यायचे आणि तिकीट फाडायचं नाही. ज्यांना मोह व्हायचा त्यांना एकच धाक होता, वाटेत चेकर चढेल. चेकर पुढच्या थांब्यावर आहे असं समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने हाताने खुणावलं की भराभर तिकिटं फाटायची. आपल्याकडे 'देवाची भीती नाही का तुला?' असं जेव्हा लोक विचारतात, तेव्हा मला तो चेकरच आठवतो. भीतीने फाडलेलं तिकीटही तिकीटच असतं, महामंडळाचा तोटा त्यानेही टळतो, हे मान्य. पण आपण ज्याला सचोटी म्हणतो ती ही नव्हे. ती त्या डायरीत होती.

लोक म्हणतात, हे नास्तिकपणाचं खूळ बाहेरून आलं, आपल्या मातीतलं नाही. हे मला अजिबात पटत नाही. आपल्या जुन्या परंपरेत 'नास्तिक' म्हणजे वेद न मानणारा. देव मानतो की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसक, या दोन जुन्या दर्शनांचे लोक, आस्तिकांच्या पंगतीत बसले. जैनांनी सृष्टिकर्ता मानला नाही, आणि मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून जपण्याची शिकवण त्यांचीच. तिथे कर्माचा हिशेब आहे, पण वर बसलेला हिशेबनीस नाही.

आणि इतकं मागेही जायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जो धम्म घेतला, त्यात देवाच्या जागी त्यांनी नीतीच ठेवली. पंचशील म्हणताना कोणी आज्ञा देत नाही. हिंसा, चोरी, खोटं यांपासून दूर राहण्याची शिकवण 'मी' स्वीकारतो, असं माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते. आपले शेजारी, आपले सहकारी, आपल्या मुलांचे शिक्षक. देवाशिवाय नीती टिकेल का, हा प्रश्न कट्ट्यावर बसून सोडवायचा राहिलेलाच नाही. आपल्या गल्लीत माणसं ती रोज जगताहेत, आपण बघायचं नाकारतो इतकंच.

बाबांचा जीव समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांवर. कराडजवळच्या टेंभूचा गरीब घरचा मुलगा, एम.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण आईला पत्र लिहून कळवलं की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार. विधवांचं केशवपन, बालविवाह यांविरुद्ध 'सुधारक'मधून लिहिलं म्हणून पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेला देह, १८९५ साली गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा खर्चदेखील त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवला होता, असं सांगतात. स्वर्गाची आशा नाही, पुढच्या जन्माची आशा नाही, या जन्मात शिव्या. तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. बाबा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची व्याख्यानं बाबांनी साताऱ्यात ऐकली होती. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात गोळ्या घातल्याची बातमी आली, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. 'कोणाच्या श्रद्धेला हात न लावता बोलणारा माणूस' एवढंच म्हणाले.

मात्र देव न मानणारा प्रत्येक माणूस नीतिमान असतो, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. देवाला नावं ठेवणारे आणि घरी बायकोवर हात उगारणारे मी पाहिले आहेत. देव गेला की जागा आपोआप विवेकाने भरते असं नाही, ती भरावी लागते, आणि त्याला कष्ट पडतात.

आणि आईबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आई माळकरी. पालखी लोणंदला आली की तिचं चित्त घरात नसायचं. बाबांनी तिला एकदाही अडवलं नाही. वारीच्या आधी तिच्या पिशवीत औषधं आणि सुट्टे पैसे तेच भरायचे. माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई विठ्ठलाशी भांडली, रडली, त्याला नाही नाही ते बोलली आणि पुढच्या आषाढीला परत त्याच्याकडेच गेली. बाबांना भांडायला कोणी नव्हतं. ते रात्र रात्र ओट्यावर बसून असायचे. देव नसण्याची किंमत मी तेव्हा पाहिली, आणि ती लहान नव्हती.

पण ती किंमत आधाराची होती, नीतीची नव्हती. या दोन गोष्टी आपण एकात एक मिसळून टाकतो, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आईला दुःखात विठ्ठल लागला. दारात आलेल्याला भाकरी द्यायला तो लागत नव्हता, ती तशीही दिलीच असती. आणि आईच्या तुकोबांनी तरी देव ओळखण्याची खूण काय सांगितली? रंजल्या-गांजल्यांना जो आपलं म्हणतो, तिथे देव आहे असं समजा. म्हणजे आधी माणसाचं वागणं बघायचं, देव त्यावरून ओळखायचा.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. आईच बोलली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "असूनही कशाला म्हणता भाऊजी? होते ते तसेच होते."

गेल्या महिन्यात तिनेही देहदानाचा फॉर्म मागवून घेतला. वारसाच्या सहीची जागा मोकळी आहे, तिथे मी सही करायची आहे. फॉर्म पुढ्यात ठेवून ती गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावत होती. मग विचारलं, "नेताना माळ काढतात का रे? राहू देतील का गळ्यात?"

मला ठाऊक नव्हतं. सोमवारी जाऊन विचारून येतो म्हटलं.