सराईचा कायदा आणि मावशीची इडली

"ठाण्याची शोभा वाचवा" असा मेसेज सध्या फिरतोय. तलावपाळी, जांभळी नाका, कौपिनेश्वराचा परिसर, या जुन्या ठाण्यात नवी सार्वजनिक शौचालयं नकोतच, असं त्यात पाच मुद्दे घालून सांगितलंय. असले मेसेज मी न वाचता उडवते. पण हा मावशीने पाठवला, खाली दोन हात जोडून. आणि मावशी कोण, तर बाजाराला निघायचं असलं की दोन तास आधीपासून चहाला न शिवणारी बाई.

सगळ्यात भन्नाट मुद्दा आधी घेते. "1887 च्या इंडियन सीरिज ॲक्टनुसार कुठल्याही हॉटेलात पाणी आणि टॉयलेट फुकट वापरता येतं. मग वेगळी शौचालयं कशाला?" सीरिज म्हणे! क्रिकेटची का? कायदा सराईंचा आहे, 1867 सालचा, आणि इंटरनेटवर आख्खा वाचायला मिळतो. सराई म्हणजे प्रवाशांनी मुक्काम करायची इमारत. इडली-वड्याचं हॉटेल नव्हे. कलम 7 मध्ये सराईवाल्याची कामं दिलीत. साथीच्या रोगाने कुणी आजारी पडलं तर कळवा, खोल्या, ओसऱ्या, गटारं, विहिरी साफ ठेवा, माजलेलं रान काढा, रखवालदार ठेवा. कुणालाही फुकट संडास द्या, असं एक अक्षर नाही. उलट दरपत्रक लावा म्हटलंय, म्हणजे पैसे घेणार हे धरूनच चाललेत. हा हक्क आधीच होता, तर दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने 2017 साली हॉटेलांना टॉयलेट लोकांसाठी खुली करायला वेगळं का सांगितलं असतं? आणि तेही 5 रुपयांपर्यंत घ्यायची मुभा देऊन?

मी एवढी चिडलेय कारण मावशीने तो कायदा वापरून पाहिला. बाजारात, दोन्ही हातात पिशव्या. एका हॉटेलात शिरून गल्ल्यावरच्या माणसाला तिने "1887 चा कायदा आहे" असं ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, काहीतरी घ्या, मग जा." तिने इडली घेतली. आणि संडासात न जाताच निघाली, कारण तोवर चार टेबलांवरची माणसं मागे वळून बघत होती. गजरा घ्यायचा राहिला, रिक्षा करून तडक घर. माझ्या अडुसष्ट वर्षांच्या मावशीला या मेसेजने भर हॉटेलात उभं केलं, म्हणून हे लिहितेय.

दुसरा मुद्दा, "पूर्वी जुन्या ठाण्यात कुणाचं अडलं होतं?" पूर्वी गावोगावच्या वाड्यांत मागच्या बाजूला टोपलीचे संडास असायचे आणि तो मैला कुणीतरी माणूस डोक्यावरून वाहून न्यायचा. ती प्रथा कायद्याने बंद करायला 1993 उजाडलं, आणि 2013 मध्ये परत नवा कायदा करावा लागला. ज्यांचं अडलं नव्हतं ते कुणाच्या जिवावर, हे मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या आजीला विचारावं.

सीटवरून म्हणे लघवीचा संसर्ग होतो. तो बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, आणि पाणी न पिता तुंबवून धरलं की धोका वाढतो. पुढे चला.

"तलाव घाण होईल", हे मात्र अगदीच खोटं नाही. काठाशी शोषखड्डा खणून मोकळे झालात तर पाझरणारच. मलवाहिनीला जोडा, प्रश्न मिटला. "बांधतात आणि महिन्यात घाण होतं", हेही नाइलाजाने मान्य. कुलूप लावलेली, नळ तुटलेली, दिवा गेलेली शौचालयं मीही पाहिलीत. पण त्यावर उपाय पाणी आणि पूर्णवेळ माणूस. रस्त्यावर नळ नीट येत नाही म्हणून कुणी नळच नको म्हणत नाही.

राहिली शोभा. चकचकीत टाइल्सचा डबा आणि वर भलामोठा फोटो, असलं काही जुन्या बाजारात मलाही नको. पण मग ते कसं दिसावं, कुठे असावं, बायकांसाठी किती सीट, यावर भांडा ना. त्या लांबलचक मेसेजमध्ये बायकांचा शब्द नाही. मावशीला मी विचारलं, तुला काय हवं? शोभेचं तिने काही काढलंच नाही. म्हणाली, पिशवी अडकवायला खुंटी, आणि उठताना धरायला भिंतीत एक दांडा.