क्लासपाथची यादी म्हणजे क्लासचा पत्ता नव्हे

‘नो-सच-मेथड एरर आली की जावा.क्लास.पाथ ही प्रॉपर्टी छापा. यादीत जी जार आधी, तिच्यातूनच क्लास आला.’ जावा शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो, आणि त्यावर विसंबून लोक भलतीच जार काढून टाकतात. (ही एरर म्हणजे लोड झालेल्या क्लासमध्ये हवी ती मेथड नाही; जार म्हणजे क्लास एकत्र बांधलेली फाइल; क्लासपाथ म्हणजे क्लास शोधायच्या जागांची यादी.)

यादीत सगळ्या जार असतात, हे त्यामागचं गृहीतच मुळात चूक. ती फक्त ॲप्लिकेशन क्लासलोडरची, म्हणजे तुमच्या प्रोग्रामचे क्लास शोधून आणणाऱ्या लोडरची यादी. जारच्या मॅनिफेस्टमधल्या (जारची माहिती देणाऱ्या फाइलमधल्या) क्लास-पाथ नोंदीतून येणाऱ्या जार तिथे दिसत नाहीत, मॉड्यूल पाथही (मॉड्यूल शोधायच्या जागांची वेगळी यादी) नाही. नेहमीच्या टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरवर तर बूटस्ट्रॅप.जार आणि टॉमकॅट-ज्यूली.जार एवढंच दिसतं. तुमच्या ॲपचं नावही नाही.

‘आधीची जार जिंकते’ हे एका लोडरपुरतं खरं आहे. पण लोडर अनेक असतात. साधा लोडर आधी आपल्या वरच्या, म्हणजे पालक लोडरला विचारतो. टॉमकॅटचा वेबॲप लोडर मात्र जावाचे मूळ क्लास वगळता आधी वेब-इन्फ/क्लासेस, मग वेब-इन्फ/लिब पाहतो आणि त्यानंतर पालकाकडे जातो. शिवाय क्लासपाथमध्ये ‘लिब/*’ लिहिलं असेल, तर फोल्डरमधल्या जार कोणत्या क्रमाने येतील याची हमीच नाही. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात तसं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर कोसळतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

मग विचारायचं कुणाला? खुद्द लोड झालेल्या क्लासला. त्या क्लासवर गेट-प्रोटेक्शन-डोमेन ही मेथड बोलवा, त्यावर गेट-कोड-सोर्स, त्यावर गेट-लोकेशन: जारचा पूर्ण मार्ग हातात येतो. स्ट्रिंगसारख्या मूळ क्लासला मात्र कोड-सोर्स नल (रिकामा) मिळतो, म्हणून मधे तपासणी हवी. नल म्हणजे ‘क्लास सापडला नाही’ असा अर्थ काढू नका. असा क्लास बहुधा बूटस्ट्रॅप लोडरने, म्हणजे जावाच्या अंगभूत लोडरने आणलेला असतो. गेट-क्लासलोडरही छापा. एकच नाव दोन लोडरांनी लोड केलं की जेव्हीएमच्या (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी ते दोन वेगळे क्लास, आणि ‘अमुकचं अमुकमध्ये कास्ट होत नाही’ अशी चक्रावणारी क्लास-कास्ट एक्सेप्शन तिथूनच येते.

कोड बदलता येत नसेल, तर जावा 8 मध्ये व्हर्बोज-क्लास आणि 9 पासून एक्सलॉगचा क्लास+लोड पर्याय देऊन प्रोग्राम सुरू करा. प्रत्येक क्लासपुढे त्याचा स्रोत छापला जातो. जावा 9 पासून चालू प्रोसेसवर जेसीएमडी या कमांडच्या व्हीएम.लॉगने तोच लॉग सुरू करता येतो, पण त्यात त्यानंतर लोड होणारे क्लासच दिसतात.