पुण्याला जा, पण पहिलं वर्ष सोलापुरात कागदावर आणा

निकाल लागले की सोलापुरातली बरीच मुलं-मुली आणखी एखादा कोर्स लावतात, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठून एकच बायोडाटा पन्नास ठिकाणी देऊन येतात. मला दोन्हींचं वाईट वाटतं, कारण त्यांच्यात कुवत असते. नोकरी देणाऱ्याला फक्त एक गोष्ट हवी असते, काम येतं याचा पुरावा. तो अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीत वर्षभरात तयार करता येतो.

आयटीआय, डिप्लोमावाल्यांनो, ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मुलाखतीला हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि मोजायला एखादा जॉब, म्हणजे तयार भाग, दिला जातो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप, ०.०२ मिमी हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढे. जबडे मिटवून झिरो एरर, म्हणजे दोन्ही शून्य जुळतात का, ते बघायचं राहून जातं. शून्य पुढे सरकलेला असेल तर तेवढा फरक मापातून वजा करायचा, मागे असेल तर मिळवायचा. ड्रॉइंगवर २५ ± ०.०५ असेल आणि माप २५.०६ आलं, तर जॉब रिजेक्ट. ‘थोडंसंच आहे’ म्हणालात की मुलाखत तिथेच संपली. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) जायचं असेल तर प्रोग्रॅम पाठ करण्याआधी वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट (जॉब कुठे आहे आणि टूल किती लांब आहे, हे मशीनला सांगणारी मापं) स्वतःच्या हाताने घ्यायला शिका. नवीन ऑपरेटर टूल आदळवतो तो बहुतेक वेळा तिथेच चुकलेला असतो.

बी.कॉम.वाल्यांचं ‘टॅली येतं’ हे वाक्य आता कुणी ऐकून घेत नाही. टॉवेलच्या एका काल्पनिक व्यापाऱ्याचा महिनाभराचा हिशेब बसवा: चाळीसेक बिलं, दोन क्रेडिट नोट, बँक रिकन्सिलिएशन (वही आणि बँकेचा हिशेब जुळवणं). मग खरेदी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी, कशी जुळवायची ते शिका. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची आर-१ (विक्रीची माहिती) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते, २बी १४ला तयार होते, ३बीची (कर भरायच्या रिटर्नची) मुदत २०. पुरवठादाराने बिल आर-१ मध्ये दाखवलंच नाही तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) आपल्याला मिळत नाही. हे कारणासकट सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

टॉवेल निर्यातदाराकडे मर्चंडायझिंगला (ग्राहकाची ऑर्डर सांभाळायच्या कामाला) जाताना जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनाचं, गणित पक्कं हवं. ७० बाय १४० सेंमीचा टॉवेल म्हणजे ०.९८ चौरस मीटर; ५०० जीएसएम असेल तर एका नगाचं वजन ४९० ग्रॅम. एवढं न अडखळता सांगता आलं पाहिजे.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. आपल्याकडे कितीतरी मुलं दुकानात, कारखान्यात, हिशेबाच्या ऑफिसात रोखीच्या पगारावर दोन-तीन वर्षं राबतात आणि पुण्यात मात्र फ्रेशर ठरतात. कागदच नसतो! म्हणून पाचशे-हजार कमी मिळाले तरी चालतील, पण नेमणूकपत्र, बँकेत पगार आणि पीएफ मागा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. अप्रेंटिसशिप करत असाल तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का, हे स्वतःच्या लॉगिनमध्ये बघा. नोंद नसेल तर वर्ष संपल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही.

नावाचं स्पेलिंगही आजच तपासा. आपल्या तेलुगू-कन्नड आडनावांत आधारवर एक ‘एल’, मार्कशीटवर दोन, हे घरोघरी आहे. नाव जुळलं नाही की पीएफची केवायसी (ओळख पडताळणी) अडकते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आधी दहावीच्या मार्कशीटशी ताडून बघा, मगच दुरुस्तीला द्या.

बायोडाटा एक पान. जात, धर्म, उंची, शेवटचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. त्या जागी कोणत्या मशीनवर, कोणत्या सॉफ्टवेअरवर, किती काम केलं ते लिहा. नोंदणी फी मागणारा नोकरी देणारा नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पुण्याची ऑफर आली की सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ऐकून हुरळू नका. महिना २०,००० सीटीसी आणि बेसिक १२,००० धरलं, तर त्यात कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,४४० असतात, ग्रॅच्युइटी आणि ईएसआयही (कामगार आरोग्य विमा) असते. वर तुमच्या पगारातून आणखी १,४४० कापले जातात. हातात येतात साडेपंधरा हजारांच्या आसपास. खोलीभाडं आणि मेस त्यातूनच भागवायचं आहे, म्हणून ‘हातात किती?’ हे न लाजता विचारा.

आणि इथली नोकरी सोडताना अनुभवपत्र घेतल्याशिवाय निघू नका. पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख पडली का तेही बघा. मालकाने टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतःच्या लॉगिनमधून भरता येते.