आलासा? मग चला!

सगळा दोष रंकाळ्याचा. तिथं रोज सकाळी एक फेरी मारली की माणसाला आपण तंदुरुस्त आहोत असं वाटायला लागतं, आणि फेरीनंतर कट वडा खाताना तर ही समजूत आणखी घट्ट होते. मी अशाच घट्ट अवस्थेत असताना आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या पोरांच्या म्होरक्यानं मला गाठलं.

"सर, रविवारी पन्हाळा ते पावनखिंड. सायकलनं. चलतंय न्हवं?"

कोल्हापुरात 'चलतंय न्हवं' या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोयच नाही. मी म्हणालो, "चलतंय की." तोंडात वडा होता, त्यामुळं ते फार आत्मविश्वासानं म्हटल्यासारखं ऐकू गेलं असणार.

वास्तविक ही वाट मला माहीत होती. दर जुलैत पोरांचे जथेच्या जथे ती चालत जातात, दोन दिवस घेतात, मधे मुक्काम करतात आणि परत आल्यावर आठवडाभर जिना उलटा उतरतात. आम्ही ती नोव्हेंबरात, एका दिवसात, सायकलवरून करणार होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, गच्चीवरची टाकी बघायला चढायचं म्हटलं तर गुडघा दुखतो ना तुमचा?" गुडघ्याला टाकीचं काम आवडत नाही आणि निसर्ग आवडतो, हे तिला काही केल्या पटलं नाही.

सायकल मेव्हण्याच्या मुलाची आणली. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, पुढं शॉकअप, वजन साडेचौदा किलो. शनिवारी संध्याकाळी दुकानात जाऊन दोन ट्यूब घेतल्या. दुकानदारानं सुट्ट्या पैशांबरोबर हरभऱ्याएवढी एक पितळी टोपी हातावर ठेवली. "असू दे खिशात, कवातरी लागती." कशाला लागती ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं सगळंच विचारलं तर त्याचा अडाणीपणा उघडा पडतो.

रविवारी पहाटे टेम्पोतून सायकली वाघबिळाला उतरवल्या. आम्ही नऊजण. म्होरक्या; दातांचे एक डॉक्टर; इंजिनिअरिंगची एक पोरगी, जी मला अख्खा दिवस 'काका' म्हणाली; चार तरणीबांड पोरं, जी दिवसभर मला फक्त पाठमोरी दिसली; मी; आणि वस्ताद. वस्ताद तरुणपणी तालमीतले, आता 63 वर्षांचे. रोज रात्री गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पितात. त्यांच्या सायकलीला 24 गिअर होते, पण ते बदलायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातून आली त्याच गिअरमध्ये त्यांनी सगळा सह्याद्री केला.

मला मात्र गिअरचं शास्त्र नीट समजावून सांगण्यात आलं. चढाला पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं. पुढं 22 दाते, मागं 34. पायडल एकदा पूर्ण फिरवलं की चाक जेमतेम दोन-तृतीयांश फिरतं आणि सायकल दीड मीटर पुढं सरकते. पाय हलके चालतात, हे खरं. पण पाय मिक्सरसारखे फिरताहेत आणि रस्त्याकडेचा दगड शेजारीच आहे, ही गोष्ट मनाला फार लागते. वाघबीळ ते पन्हाळा या चढावर एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्याबरोबर चालत होता. बरोबर म्हणजे अगदी बरोबर. बराच वेळ गप्पा झाल्या. शेवटी, "या मागनं सावकाश," म्हणून तो पुढं निघून गेला.

पन्हाळ्यावर पोहोचलो तर आमची मंडळी एका बाईच्या चुलीपुढं बसून झुणका-भाकर खाऊन हात धूत होती. मला बघितल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले.

"आलासा? मग चला!"

आणि टक्, टक्, टक्. हेल्मेटच्या पट्ट्या लावल्याचा आवाज.

हा आवाज मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकला की अजून घरात कुणी प्लॅस्टिकचा डबा लावला तरी मी दचकून उभा राहतो. गटानं डोंगर चढण्यात चढाचा त्रास मला तितका वाटला नाही, जितका या हिशेबाचा वाटला: पुढचे लोक लवकर पोहोचतात, म्हणून त्यांना विश्रांती मिळते. मागचा उशिरा पोहोचतो आणि तो आला की निघायचं ठरलेलं असतं. म्हणजे ज्याला दम लागलेला नाही तो वीस मिनिटं बसतो आणि ज्याला लागलाय तो उभ्या उभ्या अर्धी भाकरी आणि खर्डा घेऊन परत सायकलीवर. वर ते म्हणणार, "सर, तुमच्यासाठीच थांबलोय." हे उपकारही आपल्याच नावावर. मी एकदा म्हणून बघितलं, "मी आलोच आहे, तर दोन मिनिटं बसूया." डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "नको सर, अंग थंड पडतं." माझं अंग थंड पडावं म्हणून मी देवाची प्रार्थना करत होतो.

पुसाटी बुरजाकडून वाट खाली उतरते आणि म्हाळुंग्याहून मसाई पठारावर चढते. 'चढते' हे वाटेपुरतं. सायकल चढत नाही. सायकल खांद्यावर चढते. तिची दांडी मानेच्या बाजूला रुतते, पायडल बरगडी मोजतं, आणि पुढचं चाक स्वतःच्या मर्जीनं वळून कानशिलात देतं. एका हातानं करवंदीची जाळी धरायची, दुसऱ्या हातानं चाक. ते सगळे गिअर माझ्या पाठीवर बसून फिरायला निघाले होते.

आणि वाट तरी कुठली? 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज चार महिन्यांचा सिद्दी जौहरचा वेढा फोडून याच वाटेनं विशाळगडाकडं निघाले. बांदल मावळ्यांनी भर पावसात, रात्री, चिखलातून, महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन हे अंतर पळत कापलं. मी कोरड्या हवेत, लख्ख उजेडात, मधे चिक्की खात चाललो होतो आणि तरी माझ्या तोंडून दर दहा पावलांना 'आई गं' निघत होतं. त्याची मला लाज वाटली. पण लाज वाटायलासुद्धा श्वास लागतो, म्हणून तो विषय पठारावर गेल्यावर घ्यायचं ठरवलं.

पठारावर पोहोचलो. आलासा, चला, टक् टक्. ते सोडा. पठार मात्र असं की सगळं माफ. नजर संपेपर्यंत सपाट जांभा, त्यावर पिवळं पडलेलं गवत, मधे मसाईदेवीचं देऊळ, आणि वारा असा की डॉक्टरांची टोपी पन्हाळ्याच्या दिशेनं परत गेली. "हे राखीव क्षेत्र हाय," म्होरक्यानं सगळ्यांना बजावलं, "मळलेली वाट सोडायची न्हाई." मला सोडायची नव्हतीच. आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली सपाट जमीन असल्याचं सुख मी भोगत होतो. जांभा लांबून मऊ दिसतो, पण त्याच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तशी भोकं असतात आणि प्रत्येक भोक सीटमार्फत आपली चौकशी करतं. तरीही सांगतो, त्या तीन-चार किलोमीटरांत मी एकदा शीळ घातली. कुणी ऐकली नाही. सगळे पुढं होते.

पठाराच्या टोकाला म्होरक्यानं उताराचे धडे दिले. सीट खाली घ्या. बूड मागं न्या. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, नाहीतर सायकल थांबंल आणि तुम्ही पुढं जाशीला. आणि टायरातली हवा थोडी कमी करा, म्हणजे दगडांवर पकड येती. सगळ्यांनी सूं सूं करून हवा सोडली. म्होरक्यानं स्वतःच्या टायरातली जरा जास्तच सोडली. पुढारी माणसानं चार पावलं पुढं असावं लागतं.

उतारावर मी दोन्ही ब्रेक घर भाड्यानं घेतल्यासारखे धरून बसलो. खाली आल्यावर डिस्कमधून करपल्यासारखा वास यायला लागला. मी बोट लावून बघितलं. ही चूक कुणी करू नये. ओढ्यात चाक घातलं तर फोडणीसारखा चर्र आवाज आला.

आणि मग पुढच्या वाडीच्या तोंडाशी मला ते दृश्य दिसलं. मंडळी थांबली होती, पण कुणी 'आलासा' म्हणालं नाही. हेल्मेटं काढून जमिनीवर उलटी ठेवलेली, कासवं वाळत घातल्यासारखी. मधे म्होरक्याची सायकल चाकं वर करून पडलेली. पंक्चर!

देवा मसाई, तुला साडी-चोळी.

हवा कमी असली की टायर दगडाच्या कडेवर दबतं, आतली ट्यूब कडा आणि रिम यांच्यात चिमटते, आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. याला सायकलवाले 'साप चावला' म्हणतात. म्होरक्यानं पुढची ट्यूब काढून सगळ्यांना दाखवली; खरंच दोन दातांची खूण. डॉक्टरांनी व्यावसायिक उत्सुकतेनं ती निरखली. भोकं घासून, सुलोचन लावून, ठिगळं बसली. पण हवा भरायला घेतली तर पंपाच्या तोंडातलं रबर गायब. बाकीच्यांचे पंप बसेनात, कारण म्होरक्याची सायकल महागाची आणि तिचा हवा भरायचा वाल काडीसारखा बारीक. आम्हा गरिबांचे वाल मोटारसायकलसारखे जाड.

वाडीतलं एक पोरगं घरातून मोटारसायकलचा पायपंप घेऊन आलं. तोही बसेना. पोरग्यानं वालाकडं नीट बघितलं आणि म्हणालं, "ह्याला एक पितळी टोपी मिळती बगा. ती ह्याच्यावर फिरवली की आमचा पंप बसतोय."

माझा हात आपोआप खिशाकडं गेला. हरभऱ्याएवढी, गार, बारीक आट्यांची. होती तिथंच.

आता इथं मला खरं सांगितलं पाहिजे. तोंड उघडायच्या आधी मी सभोवार एकदा बघितलं. खळ्याशेजारी नुकत्याच झोडपलेल्या भाताचं पिंजार पडलं होतं. उन्हात तापलेलं, सोनेरी, वास येणारं. एक आज्जी तांब्याभर ताक घेऊन बाहेर येत होती. वस्ताद उंबऱ्याला टेकून घोरायच्या बेतात होते. सकाळी सहापासून मी पहिल्यांदाच एका जागी होतो.

मी खिशातून हात काढला आणि पिंजारावर आडवा झालो.

आज्जी म्हणाली, "कुठनं आलायसा रं बाळांनू?"

"कोल्हापुरातनं, आज्जी."

"सायकलीवरनं? एष्टी बंद हाय व्हय?"

यावर नऊ शिकलेल्या माणसांपैकी एकाकडंही उत्तर नव्हतं. ताकात तिनं आलं आणि कोथिंबीर ठेचून घातली होती. मी तीन पेले प्यालो. पोरं कुठल्या वाडीत कुणाकडं ती टोपी असेल यावर फोन लावून बघत होती. फोनला रेंज नव्हती, तेही बरंच होतं. डोळे मिटले की पिंजाराच्या काड्या मानेला टोचायच्या आणि त्या टोचण्याला मी मनाची टोचणी समजलो नाही. चाळीस मिनिटं. घड्याळ बघून सांगतो.

मग म्होरक्या हताश होऊन म्हणाला, "आता इथनं चालतच जायाला लागणार, सायकल हातात धरून. अंधार पडंल." चालत म्हणजे सगळेच चालत, आणि आणखी चार तास. तेव्हा मी उठलो, अंगावरचं पिंजार झटकलं, खिशात हात घातला आणि आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये 22 वर्षं नाटकं बसवल्याचा सगळा अनुभव पणाला लावून म्हणालो, "अरे, ही तर नव्हे?"

जो जल्लोष झाला म्हणता! पोरांनी शिट्ट्या घातल्या. "सर, नाद खुळा!" वस्तादांनी पाठीवर थाप मारली, ती पाठ अजून तशीच आहे. म्होरक्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हवा भरली. टक् टक् टक्. आणि तो म्हणाला, "आता सर सगळ्यांच्या पुढं! सरांच्या मागं सगळी!"

मला वाटलं होतं, मागं राहण्यासारखं दुःख नाही. मागच्या माणसाला उतरून सायकल ढकलता येते, झाडाला टेकता येतं, एखाद्या वळणावर स्वतःशी भांडता येतं. पुढच्याला यातलं काही नाही. माझ्या मागच्या चाकाला नाक लावून आठ माणसं श्वास घेत होती. आदरापोटी कुणी ओलांडून जाईना. मी गिअर बदलला की मागं कटकट कटकट आठ गिअर बदलायचे. मी हळू झालो की मागनं "काका, मस्त चाललंय!" करपेवाडी गेली, आंबेवाडी गेली, आली कधी ते मला कळलं नाही. थांबायचा हुकूम पुढच्यानं द्यायचा असतो, पण ज्याच्यामुळं ट्रिप वाचली तो माणूस थांबा म्हणणार कसा? चाळीस मिनिटांचं पिंजार तीन तासांत व्याजासकट वसूल झालं.

पांढरेपाणी ओलांडून खिंडीशी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सायकली वर ठेवून खाली उतरलो. पाण्याचा आवाज, दोन्हीकडं काळा कातळ. इथं बाजीप्रभू उभे राहिले. कुणी काही बोललं नाही; वस्तादांनी टोपी काढली. दिवसभरात तेवढाच वेळ माझे पाय दुखायचे थांबले.

परतताना टेम्पोत सायकली दाटीवाटीनं बसल्या आणि आम्ही उभे राहिलो. जागा होती, पण बसणार कशावर? सोमवारी शाळेत मी सगळे तास उभ्यानं घेतले. पोरांना वाटलं सर चिडलेत. वर्गात दिवसभर चिडीचूप.

संध्याकाळी मोबाइलवर ग्रुपचा निरोप आला. माझा फोटो, हातात पितळी टोपी, खाली 'आमचे मेंटेनन्स प्रमुख'. पुढच्या महिन्यात रांगणा किल्ला ठरलाय. "सर, ती टोपी तेवढी विसरू नका."

विसरत नाही. ती शर्टाच्या आतल्या खिशात, रुमालाच्या घडीत, गाठ मारून ठेवली आहे. या खेपेला सापडायला तासभर तरी लागेल.