माद्यांचा हंगाम नोव्हेंबरपासूनच का?

लंडनच्या शाही रिचमंड पार्कमधल्या हरणांवरच्या लेखात त्यांना मारण्याचा ‘हंगाम ऑगस्टपासून’ असं सरसकट म्हटलंय. इंग्लंडमध्ये रेड आणि फॅलो जातीच्या हरणांमध्ये नरांचा कायदेशीर हंगाम १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, माद्यांचा मात्र १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. पाडसं मे-जुलैत जन्मतात. ऑगस्टमध्ये मादी मारली तर दुधावरचं पाडस मागे उपाशी मरतं. पार्कात प्रत्यक्षात माद्यांना नोव्हेंबरात, नरांना फेब्रुवारीत मारतात आणि त्या काळात रात्री पादचारी दरवाजेही बंद असतात. याला ‘शाही शिकार’ म्हणणं हास्यास्पद आहे! कुंपणात सहाशेहून अधिक हरणं, लांडगे नाहीत. संख्या आवरली नाही तर हिवाळ्यात चारा पुरत नाही, अशक्त जनावरं आधी जातात.